बैलांवरून माणसं

खोली भाड्यानं मागायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याचा मला तोवर चांगला सराव झाला होता. गाव कोणतं, आडनाव काय, लग्न झालंय का, झालं नसेल तर का झालं नाही, आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, मटण शिजवणार का. पिंपळगाव रेणुकाईतल्या त्या घरासमोर मी या सगळ्याची उत्तरं तयार ठेवून उभी होते. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पायाच्या अंगठ्यात अंबाडीचे धागे अडकवून दोर वळत बसले होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं,

"तुमच्या घरी बैल होते का, बाई?"

मी म्हटलं, नव्हते. माझे वडील सांगलीत क्लार्क होते, बैल कुठून असणार?

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

त्यांचा चेहरा पडला. दोर तसाच हातात धरून ते म्हणाले, "मंग तुमाला ध्यानात कसं ठेवू?"

दिवाळीची सुट्टी संपली होती, बदली होऊन मी नुकतीच इथल्या शाळेवर रुजू झाले होते, आणि तीन दिवस एका मैत्रिणीच्या ओळखीच्या घरी सतरंजीवर झोपत होते. मला खोली हवी होती. "आमच्याकडे स्कूटर होती," मी जरा चिडूनच म्हणाले.

"कोणत्या रंगाची?"

"फिकट निळी."

"हां. मंग बराबर," ते म्हणाले आणि परत दोर वळायला लागले. खोली मला मिळाली. मटणाचं त्यांनी कधीच विचारलं नाही.

गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं. ते डॉक्टर नव्हते. गुरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून जन्मभर काम करून निवृत्त झालेले. खरे डॉक्टर ठरलेल्या वारी यायचे, पण बैलाला वार पाहून पोटफुगी होत नाही. त्यामुळे अडल्या वेळेला सगळं गाव यांच्याच दारात. "मी सुई धरणारा मानूस," ते म्हणायचे, "डॉक्टर म्हणू नका, कुनी ऐकलं तर पेन्शन बंद होईल." मी त्यांना काका म्हणायचे.

काकांना माणसाचा चेहरा ध्यानात राहत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्याचा फार त्रास व्हायचा. दहा पावलांवर राहणारा माणूस बाजारात भेटला तर काका त्याच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं पाहायचे. त्यानं आडनाव सांगितलं की मग डोळ्यांत उजेड पडायचा. "हां! उजवं शिंग मोडलेला तांबडा. पावसाळ्यात खूर सडलं होतं." निवडणुकीच्या दिवसांत एक तरुण उमेदवार पाया पडायला आला. काकांनी त्याच्या आजोबांचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा कैऱ्या लई हुशार, पण मागून गेलं की लाथ मारायचा. तुमी निवडून आले तर तेवढं सांभाळा." तो उमेदवार पडला. मागून लाथ नेमकी कुणी मारली, हे गाव अजून ठरवतंय.

माणसांतलं एकच माणूस ते आवाजावरून ओळखायचे. शेजारच्या सखूकाकू. त्यांची म्हैस होती, आणि भिंतीवरून ताकाचा तांब्या पुढे करत त्या रोज ओरडायच्या, "भाऊ, ताक ठिवलंय!" काका त्यांचा उल्लेख "म्हशीवाल्या बाई" असा करत. चाळीस वर्षांच्या शेजाराला एवढीच पदवी.

आता अडचण अशी होती की ज्या बैलांवरून हा माणूस माणसं ओळखत होता, ते बैल गावात उरले नव्हते. मी आले तेव्हा दारोदार ट्रॅक्टर. पोळ्याला ट्रॅक्टरलाच हार घालायचे, आणि घरात पाटावर पूजेला मातीचे बैल मांडायचे. ते बैल बाजारात मिळायचे, एका साच्यातले, सोनेरी रंगाचे, डोळे मिटलेले. काकांना ते बघवायचे नाहीत. "झोपेची सुई दिल्यासारखे दिसतात," ते म्हणायचे.

म्हणून ते स्वतः बैल करायचे. पण बैल म्हणजे नुसता बैल नाही. ज्या घरातून कुणी सांगून जायचं, त्या घरात जो बैल खरोखर होता, तोच. कानाला कातरा असेल तर कातरा, वशिंड एका अंगाला कललं असेल तर तसं. विकून गेलेले, म्हातारे होऊन मेलेले, कधीचेच विस्मरणात गेलेले बैल काकांच्या बोटांतून एकेक करून परत यायचे. ते पैसे घेत नसत. एक नियम मात्र पाळायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल पाण्यात सोडून द्यायचा. एका घरानं तो टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात ठेवला होता. काका चहाला म्हणून गेले, त्यांनी ते पाहिलं आणि कप न उचलता परत आले. "बैलाला काचंत कोंडून राह्यले," एवढंच ते मला म्हणाले, पण दोन दिवस धुसफुसत होते.

त्यांचं वर्ष भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चालत नव्हतं. हातात काय आहे त्यावर महिना कळायचा. दिवाळीनंतर अंबाडी भिजवून, सोलून दोर वळायचे. कासरे, दावी, मोरक्या. कुणासाठी, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. बांधायला बैल नव्हतेच. घरभर खुंटीला दोर लटकलेले असत. माझे कपडे वाळत घालायला मला असा भक्कम कासरा मिळाला होता की त्यावर एखादी म्हैसही वाळत घालता आली असती. गावात मिरचीचा बाजार पेटला आणि सगळं गाव शिंकायला लागलं की दोर बंद. मग वैशाखात माती.

पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सांगलीला गेले नाही. आदल्या पावसाळ्यात आई गेली होती. घर आता दादा-वहिनीचं होतं. दोघंही चांगली आहेत, पण मी गेले की वहिनीला माझ्या उशीचा अभ्रा कपाटात शोधावा लागायचा, आणि ते मला बघवायचं नाही. शाळा बंद, मैत्रिणी आपापल्या गावी, आणि मी त्या तापलेल्या पत्र्याखाली पंख्याकडे बघत पडलेली. मला तेव्हा इतकं एकटं वाटत होतं की ताकाच्या हाकेची मी वाट पाहायचे. एका सकाळी काका दारात घमेलं घेऊन उभे. "स्कूटरवाल्या बाई, चला. तळं आटलंय."

गावाबाहेरचा तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या. काकांना वरचा पापुद्रा नको होता. तो बाजूला सारून खालची गार, काळी, लोण्यासारखी माती ते काढायचे आणि चिमूटभर दातांखाली धरायचे. कचकच लागली की "रेती हाय" म्हणून थुंकून पुढे. मीही चव घेतली. सत्तरीतले ते आणि तिशीतली मी, दोघं तळ्याच्या मधोमध उकिडवे बसून माती खातोय, हे एका गुराख्यानं पाहिलं आणि गावात माझी जी काही अब्रू होती ती गेली.

ज्येष्ठभर माती रांजणात भिजत पडायची. मग पिंजलेला कापूस घालून मळायची. आषाढात बाहेर झड लागली की आत ओट्याच्या कोपऱ्यात बैल सुरू व्हायचे. "बैल खांद्यापासून सुरू होतो," ते सांगायचे, "पाय अन् शेपूट कुनाला बी लावता येतात." मी केलेला पहिला बैल त्यांनी हातात फिरवून फिरवून पाहिला. "बिलकुल बराबर हाय," ते म्हणाले. "फक्त हे डुक्कर हाय." श्रावणात ते सगळे सावलीत वाळायचे. उन्हात ठेवले की तडकतात. श्रावणातली ओलसर हवा त्यांना हळूहळू आतून सुकवते, आणि कशीही घाई केली तरी ती ऐकत नाही. मग चुना, काव, काजळ. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, तसे काका करंगळीनं या मातीच्या बैलांचे खांदे मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचे. अगदी गंभीरपणे.

त्या वर्षी मला आईनंतर पहिल्यांदा सलग झोप लागायला लागली. हात चिखलात असले की फोन उचलता येत नाही, कुणाला "मी बरी आहे" असं सांगावं लागत नाही, आणि होता होता माणूस थोडा बरा होतो.

बैल न्यायला लोक स्वतः यायचे. पण गावाच्या टोकाला राहणाऱ्या तात्यांचे गुडघे गेले होते, म्हणून त्यांची जोडी पोचवायला मी गेले. एक पांढरा पांड्या आणि एक काळसर. दोन वर्षांपूर्वी मुलानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा ही जोडी विकली होती. घरात पुरण शिजत होतं, सुनेनं पाट मांडून दिला, मी दोन्ही बैल त्यावर नीट शेजारी शेजारी ठेवले. तात्या भिंतीला धरत धरत आले. हातातलं हळदी-कुंकवाचं ताट तसंच राहिलं.

"हे कुनी मांडले?"

मी म्हटलं, मी.

"पांड्या डाव्या अंगाला?" त्यांचा आवाज चढला. "बारा वर्सं जुंपला मी त्याला. एक दिवस तिकून चालला न्हाई. मान टाकून देयचा. कोन म्हनतं ह्यो पांड्या हाय?"

जुवाला जुंपलेल्या बैलाची बाजू ठरलेली असते, उजव्याला डावीकडे लावलं तर तो चालत नाही, हे शेंबडं पोर जाणतं. स्कूटरवाल्यांच्या मुलीला ते ठाऊक नव्हतं. सून गडबडली, दारात ट्रॅक्टरला हार घालणारा मुलगा आत डोकावला. तात्या पूजेला बसेनात. मग ते स्वतःच खाली वाकले, दोघांना उचललं, बाजू बदलल्या, आणि पांढऱ्या बैलाच्या कानाशी बोट थांबलं. "ह्योच हाय," ते म्हणाले. "कातरा बघ कानाचा." आणि तो म्हातारा सगळ्यांसमोर रडला. मुलगा हार हातात घेऊन जमिनीकडे बघत उभा होता.

मी परत आले ती स्वतःवर चिडलेली. काकांनी मला तो प्रसंग तीन वेळा सांगायला लावला. "त्यानं वळखला," प्रत्येक वेळी ते म्हणायचे.

"अहो, पण मी चुकले ना."

"चुकल्या म्हणूनच तर. बराबर ठिवले असते तर त्यानं कुंकू लावलं असतं, पोळी खाल्ली असती अन् झालं असतं. भांडला म्हंजे वळखला." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा दात दिसतील असं हसताना पाहिलं. खालचे दोन नव्हते.

त्याच पोळ्याची एक गोष्ट मी शाळेत कुणाला सांगितलेली नाही. पावसाळाभर काका मला मधूनच काहीबाही विचारत. स्कूटर कुठं ठेचाळली होती का? हो, उजवीकडे, भाजीच्या गाड्याला. स्टँड सरळ होता का? नाही, वाकडा. मागं कोन बसायचं? आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. हे सगळं मी डाळ निवडता निवडता सांगितलं होतं. पोळ्याच्या सकाळी माझ्या उंबऱ्यावर पळसाच्या पानावर एक मातीची स्कूटर होती. स्टँड वाकडा, उजवीकडे पोचा. आणि मागच्या सीटची गादी एका अंगाला दबलेली. गादी दबल्याचं मी सांगितलं नव्हतं. माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मी तिला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मग दार लावून घेऊन पोटभर रडले, आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्यातही सोडली.

त्या संध्याकाळी काका ओट्यावर आले. माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "आईचं तोंड याद हाय तुमाला?"

"आहे ना."

"सांगा बरं."

मी सांगितलं. रुंद कपाळ, डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण, रागावली की आधी नाक लाल व्हायचं. काका ऐकत होते. मी थांबले तर "अजून" म्हणायचे. माझं सगळं सांगून झालं तेव्हा ते म्हणाले,

"आमच्या घरच्यांचं मला येत न्हाई."

त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नाही. घरात तिचा एकच फोटो, आधार कार्डावरचा, आणि तो, काका म्हणाले तसं, "कुनाचा बी असू शकतो." मी पाहिला तो. खरंच कुणाचाही असू शकला असता.

"चाळीस वर्सं संसार केला," ते म्हणाले. "रस्त्यानं चाललो की ती मागं. घरी आलो की ती चुलीपुढं, तोंड तिकडं. ताट सरकवायची ते बी खाली बघून. मला मानसाकडं बघायची सवयच न्हाई, बाई. बैल कसा, त्याच्या डोळ्यात बघावंच लागतं, न्हाई तर लाथ बसते. ती कशाला लाथ मारती?"

पोळा झाल्यावर काका ओट्यावरून नाहीसे व्हायचे. का, ते मला त्या वर्षी कळलं. भाद्रपदात त्यांच्याकडे कुणी येत नसे. बैल पाण्यात गेलेले, पुढच्या वैशाखापर्यंत त्यांची कुणाला गरज नाही. उरलेली माती घेऊन ते आत बसायचे आणि तिचा चेहरा करायचे. पितृपंधरवड्यात अहेव नवमी येते, नवऱ्याच्या माघारी नाही, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. त्या दिवशी तिच्या नावानं सवाष्णीला जेवू घालतात. त्या ताटासमोर एकदा तरी ती तोंड करून बसलेली असावी, एवढी त्यांची इच्छा होती. सहा नवम्या झाल्या होत्या. रोज सकाळी चेहरा व्हायचा, रोज दिवेलागणीला मोडायचा. भिंतीपलीकडून मला तो आवाज यायचा, ओल्या मातीचा गोळा पाटावर आपटल्याचा.

मी मोडण्याआधीचे काही चेहरे पाहिले. सुंदर होते, खोटं कशाला सांगू. नाकीडोळी नीटस, शांत. "छान झालाय की," मी एकदा म्हणाले. काका म्हणाले, "हो. पण ही कोन हाय?" आणि मोडला. शेजारी सखूकाकूंना विचारा की, असं मी सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. आपल्या बायकोचं तोंड आपल्याला याद नाही, हे शेजारणीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी आल्यानंतरची दुसरी नवमीही तशीच गेली. नुसतं ताट मांडलं. तिसऱ्या वर्षी काकांचा उजवा हात कापायला लागला होता. पोळ्याचे बैल झाले, पण पाय जाडजूड, हत्तीसारखे. घरंही मोजकीच आली. "पुढल्या वर्सी मला जमन असं दिसत न्हाई," त्यांनी सांगितलं. "नवमीला झालं तर झालं." माझीही बदली जवळ आली होती. त्या पंधरवड्यात मी शाळेतून आले की आधी त्यांच्या दाराला कान द्यायचे. आपटल्याचा आवाज रोज होता. नवमीच्या आदल्या दिवशी आला नाही. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला.

नवमी रविवारी आली. मी स्वयंपाक केला. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. काकांच्या दारातून ताट घेऊन आत गेले तेव्हा पाटावर काहीतरी ओल्या फडक्याखाली झाकलेलं होतं. काका बाजूला, धुतलेलं धोतर नेसून, निकालाला आलेल्या पोरासारखे उभे. सवाष्ण म्हणून सखूकाकूंनाच बोलावलं होतं. त्या हातपाय धुऊन, पदर डोक्यावर घेऊन आत आल्या, आणि काकांनी फडकं काढलं.

दीड वीत उंचीची बाई चुलीपुढं बसलेली होती. पाठमोरी. पदर कमरेला खोचलेला, एक खांदा जरा उतरलेला, अंबाड्यातून निसटलेली बट मानेवर आलेली, आणि एक कोपर किंचित बाहेर, भाकरी थापताना असतो तसा.

सखूकाकू दारातच थांबल्या. "वैनी," त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी हाकच मारली. मग स्वतःच दचकल्या, तोंडावर हात ठेवला. "अगं माय. वैनीच हायेत. पान्याच्या घागरी वाहून वाहून तो खांदा उतरला होता त्यांचा."

काकांनी डोळे मिटून घेतले. सखूकाकू पुढे झाल्या आणि तोंड बघायला पाटाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला जाऊ लागल्या.

"तिकून काही न्हाई, बाई," काका म्हणाले.

तरी त्या गेल्या. मीही वाकून पाहिलं. पलीकडून नुसती गुळगुळीत माती होती. आता सखूकाकू काहीतरी बोलून बसणार, या भीतीनं मी ताट वाढायला घेतलं.

"तोंड याद न्हाई का तुमाला, भाऊ?"

"न्हाई," काका म्हणाले. इतकी वर्षं लपवलेलं ते एका शब्दात सांगून टाकलं.

सखूकाकू शांतपणे आपल्यासाठी मांडलेल्या पाटावर बसल्या. खिरीत बोट बुडवून चाखलं आणि साधेपणानं म्हणाल्या, "हसताना एक डोळा बारीक होयचा त्यांचा."

"ती हसायची?"

"मंग! लई."

"कवा?"

"दुपारच्याला. तुमी दवाखान्यात गेले की आमी दोघी हितं वाती वळत बसायचो."

काका खाली बसले. मग म्हणाले, "कशाला हसायची?"

सखूकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "तुमचीच नक्कल करायच्या, भाऊ. बैलाला सुई टोचताना तुमी कसे बोलता, ते. मी रडलेली असले ना, तर मला हसवायला मुद्दाम करायच्या."

"करून दाखवा."

"भरल्या ताटावरून उठवता का मला?"

"दाखवा, बाई."

सखूकाकू उठल्या. पदर खोचला. समोर बैल उभा आहे असं धरून त्यांनी हात पुढे केला. "आधी पाठीवर हात ठेवायचा. असा, पंजा पसरून. मंग हळूच," आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, जाड झाला, हुबेहूब काकांचा. "ऱ्हाय माज्या राजा, उभा ऱ्हाय. भिऊ नको. मी हाय ना हितं. लई त्रास दिला का तुला मी? झालंच बघ, माज्या सोन्या."

मला हसू आवरेना. सखूकाकूही हसत हसत खाली बसल्या, पदरानं डोळे टिपले. "मंग हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून बी पानी येयचं. अन् म्हनायच्या, सखे, पुढल्या जल्मी देवानं मला ह्यांचा बैल करावं."

मी हसायची थांबले. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

काका उठले आणि पाटाजवळ जाऊन उकिडवे बसले. उजवा हात त्यांनी पसरून त्या पाठीवर ठेवला, पंज्याखाली मावेल एवढीच ती होती. ओठ हलत होते, पण आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत. माती आदल्या दिवशीची, पण फडक्याखाली ओलीच राहिली होती. हात काढला तेव्हा तिच्या पाठीवर त्यांची पाची बोटं उठली होती. ती त्यांनी पुसली नाहीत.